मागीलदारचा सेन्सर आणि एक डीपी स्विच : दीड वर्ष वापरून

घाईत असाल त्यांच्यासाठी आधी हिशेब. मोशन सेन्सर (माणूस हललं की दिवा लावणारा) ४८० रुपये, तीन तारे. वीस अँपिअरचा डीपी स्विच (दोन्ही वायरी एकदम तोडणारा) २३५ रुपये, पाच तारे. पहिल्या वायरमनची मजुरी ६०० रुपये, एक तारा, आणि तोही त्याने चहाचा कप स्वतः विसळून ठेवला म्हणून. सेन्सरच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहायचं म्हटलं तरी कुठलं लिहू? खोक्यावर एक आहे, आतल्या कागदावर दुसरं, आणि सेन्सरच्या पाठीवर तर काहीच नाही.

आमचं घर दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याला, समुद्राच्या बाजूच्या आगरात. दोन खोल्या पाहुण्यांना देतो. कड्यावरच्या गणपतीला येणारे असतात, आणि फेब्रुवारी उजाडला की कासवांची पिल्लं बघायला येणारे. पाहुण्यांच्या खोल्यांना आतच सगळी सोय आहे. आमची न्हाणी आणि संडास मात्र अजून मागीलदारी, विहिरीच्या पलीकडे. स्वयंपाकघराच्या दारापासून मोजून एकोणीस पावलं. सासूबाई ब्याऐंशीच्या. आत सोय करून देऊ म्हटलं की "घरात संडास? मग देव कुठे ठेवायचे?" असा प्रश्न येतो आणि विषय संपतो. वाट चिऱ्यांची, दोन्ही बाजूंना पोफळी, आणि चिऱ्यांच्या फटीत फुरसं निघणं ही आमच्याकडे बातमी नसते. त्यामुळे उजेड हवाच.

पूर्वी मागच्या भिंतीवर वीस-वीस वॅटचे दोन एलईडी झोतदिवे रात्रभर जळायचे. बारा तास धरले तर महिन्याला साडेचौदा युनिट. बिलाचं मला फारसं वाटलं नव्हतं. पण कासवांसाठी आलेल्या एक ताई रात्री आगरातून फिरून आल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुमचा झोत पार सुरूच्या बनाबाहेर दिसतो. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. त्यांना समुद्र कुठला आणि मागीलदार कुठलं, काय कळणार?" बरोबरच होतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू जिकडे क्षितिज उजळ, तिकडे पळतं. माणसाचे दिवे नसतील तर ती बाजू समुद्राची असते. झोत रात्रभर नको, माणूस आलं की लागू दे, एवढ्यावरून सेन्सर आला.

आता जोडणीची कथा. एक तारा त्यातूनच निघाला आहे.

सेन्सरमधून तीन वायरी बाहेर येतात: तपकिरी, निळी आणि लाल. आपल्याकडे जुन्या माणसांपासून लाल म्हणजे फेज (वीज आणणारी), काळी म्हणजे न्यूट्रल (परत नेणारी), हिरवी म्हणजे अर्थिंग (जमिनीला जोडणारी). वायरमनने कागद न उघडताच लाल फेजला लावली, निळी न्यूट्रलला, आणि उरली ती तपकिरी दिव्याला. दिवे लागेनात. हात हलवून झाले, ह्यांनी मागीलदारी चार येरझाऱ्या घातल्या, शेजारचा कुत्रासुद्धा जाऊन आला. "काकू, माल डिफेक्टिव्ह आहे, बदलून आणा." मी चष्मा लावून कागद बघितला. अक्षर मुंगीएवढं, पण चित्र स्पष्ट होतं. तपकिरी ही आत येणारी फेज, निळी न्यूट्रल, आणि लाल ही सेन्सरमधून निघून दिव्याकडे जाणारी. रंग परदेशी पद्धतीचे. वायरमनला चित्र दाखवलं. त्याने बघितल्यासारखं केलं, वायरी बदलल्या, दिवे लागले. तुमच्याकडे असा सेन्सर येईल तेव्हा एवढं एक लक्षात ठेवा: लाल वायर बघून हात आपोआप फेजकडे जातो.

दुसरी गोष्ट त्याच रात्री दिसली. सेन्सरने दिवे बंद केले, मी पायरीवर बसून होते, डोळे अंधाराला सरावले. बघते तर दोन्ही झोत पूर्ण विझलेलेच नाहीत. आत बारीक उजेड होता, जूनमध्ये करवंदीच्या जाळीत काजवा असतो तेवढा. फोन केला तर वायरमन म्हणाला, "एलईडीला असतं तसं थोडं." तिसरी गोष्ट म्हणजे, त्याने स्वयंपाकघरातला जुना स्विच काढूनच टाकला होता. पडवीच्या जंक्शन बॉक्समधून थेट फेज ओढली होती. का, तर "सेन्सर असताना स्विच कशाला, काकू?"

स्विच कशाला ते दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. झोताच्या काचेवर कोळ्याने जाळं केलं होतं, ते पुसायचं होतं. दिवा बंद करायचा कसा? मी जवळ गेले की तो लागतो! शेवटी अख्ख्या घराचा मेन पाडला. फ्रीज बंद, पंप बंद, पाहुण्यांच्या खोलीतले पंखे बंद, आणि एक काका आंघोळीला गेलेले, त्यांचा गिझर बंद. काकांनी आतून जे म्हटलं ते इथे लिहिता येत नाही.

मग ह्यांनी दापोलीहून त्यांच्या ओळखीचे एक निवृत्त वायरमन आणले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नानांनी आल्या आल्या हत्यारांची पिशवी उघडली नाही. खुर्ची मागून घेतली, दिवे विझेपर्यंत बसले, तो काजवा बघितला आणि म्हणाले, "फेज दिव्यात मुक्कामाला आहे." टेस्टर लावला. दिवा बंद, आणि टेस्टर लालबुंद.

झालं होतं असं. निसर्ग चक्रीवादळ आलं ३ जून २०२० ला. आमच्या पट्ट्यातले माड-पोफळी आडवे झाले, पडवीचे पत्रे उडून विहिरीवर गेले, आणि वीज यायला कित्येक आठवडे लागले. त्या दिवसांत ज्याच्या हातात पक्कड तो वायरमन. पडवीतल्या बॉक्समध्ये कुणीतरी फेज आणि न्यूट्रल उलट जोडून ठेवले होते. बल्ब लागत होते, पंखे फिरत होते, त्यामुळे कुणालाच काही कळलं नाही. आपल्या घरातल्या विजेला दिवा लावायला कुठून आत गेलो याचं काही नसतं. फरक पडतो तो बंद करताना. स्विच एका वायरीवर असतो. तो फेज तोडायला हवा, आणि आमचा इतकी वर्षं न्यूट्रल तोडत होता. म्हणजे स्विच बंद, दिवा विझलेला, आणि होल्डरमध्ये फेज तशीच हजर. सेन्सरनेही तेच पुढे चालवलं, आणि लांबलचक वायरीतून जी चिमूटभर वीज झिरपते तिच्यावर एलईडी मिणमिणत होते. मी चार वर्षं ओल्या स्टुलावर उभी राहून तिथला बल्ब बदलत होते. हे ऐकल्यावर मी खाली बसले आणि नानांनी माझ्यासाठी पाणी मागितलं.

पडवीतली जोडणी सरळ केल्यावर काजवे गेले. नाना म्हणाले, "आता डीपी घाला. पुन्हा कुणी उलटं केलं तरी चिंता नको."

डीपी म्हणजे डबल पोल. साधा स्विच एक वायर तोडतो, हा फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडतो. गिझरला, एसीला लावतात तोच. दुकानात मात्र सांभाळून. मी "डीपी द्या" म्हटलं तर काउंटरवरच्या मुलाने सोळा अँपिअरचा मोठा स्विच दिला, पॉवर पॉइंटला असतो तो. दिसायला तसाच रुंद, वर तसाच लाल ठिपका. घरी आणून नानांना दाखवला. त्यांनी तो फक्त उलटा केला आणि माझ्या हातात परत दिला. पाठीमागे दोनच स्क्रू होते. खऱ्या डीपीला चार असतात: फेज आत, फेज बाहेर, न्यूट्रल आत, न्यूट्रल बाहेर. पॅकिंगवर काय छापलंय ते राहू द्या, पालथा करून स्क्रू मोजा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दापोली, एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं वेगळं.

नानांनी जोडणी अशी केली. बोर्डातून या दिव्यांसाठी सहा अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). तिथून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशेजारी, आतल्या बाजूला, डीपी स्विच. डीपीतून चार कोअरची (आत चार वायरी असलेली) दीड एमएमची केबल बाहेर, पावसाळी बॉक्समध्ये. बॉक्समध्ये तपकिरीला फेज, निळीला न्यूट्रल, लाल दोन्ही झोतांना, आणि हिरवी झोतांच्या ॲल्युमिनियमच्या अंगाला. पहिल्या वायरमनने हिरवी कापून टेपने गुंडाळून ठेवली होती, हे तेव्हा कळलं. डीपीच्या शेजारी एक साधा छोटा स्विच आणखी आहे. तो सेन्सरला वळसा घालून फेज थेट लाल वायरीला देतो. लग्नकार्य असलं, रात्री सुपारी सोलायला बसलो, की तो लावायचा. मग सेन्सरला काय वाटतं याची पर्वा नाही, दिवे लागलेलेच. ह्या स्विचलाही फेज डीपीच्या पुढूनच घेतली आहे. डीपी पाडला की सेन्सर, वळशाचा स्विच, झोत, सगळं मेलं. उलटं केलं असतं, म्हणजे वळशाची फेज डीपीच्या आधी घेतली असती, तर डीपी पाडूनही दिव्यात वीज राहिली असती. "हे चुकणारे पुष्कळ आहेत," असं नाना पुटपुटले.

एक गैरसमज आमच्या ह्यांचा होता, तुमचा असू नये. शॉक लागला म्हणून डीपी स्विच स्वतःहून पडत नाही. तो हाताने पाडायचा. शॉकला पडणारा तो आरसीसीबी, तीस मिलिअँपिअरचा, तो बोर्डात वेगळा. आमच्याकडे नव्हता, तोही बसवून घेतला. त्याची किंमत या हिशेबात धरलेली नाही, कारण ती सांगितली की हे अजून तोंड करतात. आणि हे सगळं वाचून स्वतः पक्कड घेऊन चढू नका. परवानाधारक माणूस बोलवा, फक्त त्याच्या शेजारी उभे राहा आणि प्रश्न विचारा.

आता सेन्सर. तीन तारे का, ते सांगते.

खोक्यावर लिहिलंय, टप्पा बारा मीटर. कागदावर खाली बारीक अक्षरात आहे, चोवीस अंशांच्या खाली. आंजर्ल्यात चोवीस अंश म्हणजे डिसेंबर-जानेवारीची पहाट! हा सेन्सर अंगातून निघणारी उष्णता बघतो. मागची भिंत आणि माणूस यांच्या उष्णतेत फरक असेल तर त्याला हालचाल कळते. एप्रिलमध्ये दिवसभर तापलेला चिरा रात्री नऊलाही गरम असतो, तेव्हा आमचा सेन्सर चार-साडेचार मीटरवर आल्यावर जागा होतो. थंडीत मात्र विहिरीपाशी पोचायच्या आत लागतो. पहिल्या वायरमनने तो वाटेच्या बरोबर समोर, आपल्याकडे तोंड करून लावला होता. नानांनी काढून बाजूच्या भिंतीवर लावला, सव्वादोन मीटर उंचीवर. समोरून सरळ चालत येणारं माणूस त्याला उशिरा कळतं, आडवं जाणारं लगेच. पुढचं पांढरं भिंग नीट बघा, त्यावर माशीच्या डोळ्यासारखे चौकोन असतात. एका चौकोनातून दुसऱ्यात गेलात तरच त्याच्या लेखी तुम्ही हललात. जागा बदलल्यावर अर्ध्या तक्रारी मिटल्या.

खाली तीन खुंट्या आहेत. एक वेळेची, एक उजेडाची, एक संवेदनेची. उजेडाच्या खुंटीला एका टोकाला सूर्य, दुसऱ्या टोकाला चंद्र. दिवसा तपासायचं असेल तर सूर्यावर ठेवा, वेळ सगळ्यात कमी ठेवा, आणि काम झालं की चंद्राकडे फिरवा. खुंट्या इतक्या लेच्यापेच्या आहेत की संवेदनेची माझ्या हातून तुटली. आता जिथे आहे तिथेच राहणार, सुदैवाने मधोमध आहे. वेळेचं गणित सासूबाईंनी शिकवलं. आधी एक मिनिट ठेवलं होतं. त्या आत गेल्या, दिवा एका मिनिटाने गेला, आणि संडासात बसलेलं माणूस भिंतीतून सेन्सरला दिसत नाही. दार उघडलं तर पुढे काळोख. "तुझा दिवा माझ्या आधी उठून गेला," म्हणाल्या. आता सगळ्यात जास्त, म्हणजे सात मिनिटांवर आहे.

उगाच लागण्याचा त्रासही आहे. मांजर येतं, ते चालायचंच. एकदा रात्री दोनला दिवा लागला तर सुरणाच्या वाफ्यात साळिंदर होतं. त्या बाबतीत मी सेन्सरवर खूश आहे. पण पहाटे पाचला रोज लागायचा, आणि कारण सापडेना. शेवटी लक्षात आलं, ह्यांनी न्हाणीची चूल पेटवली की जाळ हलतो आणि सेन्सरला तो माणूस वाटतो. भिंगाच्या डाव्या कोपऱ्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा चिकटवला, चूल दिसेनाशी झाली. ही युक्ती मोफत आहे. आणखी एक खोड म्हणजे वीज जाऊन आली की सेन्सर आधी अर्धा मिनिट दिवे लावून बसतो, शुद्धीवर येत असल्यासारखा. आमच्याकडे पावसात वीज किती वेळा जाते-येते हे विचारू नका. त्या रात्रींना मागीलदारी जत्रा असते. तेव्हा डीपी पाडायचा.

आणि ज्यांना वाटतं की सेन्सर साप आल्याचं सांगेल, त्यांनी पैसे खर्चू नयेत. सापाचं अंग आजूबाजूएवढंच गार किंवा गरम, त्याला सेन्सर ओळखत नाही. दिवा लागतो तुम्ही आलात म्हणून. मग खाली बघायचं काम तुमचं.

पावसाळ्याचा वेगळा तारा कापला आहे. सेन्सरवर आयपी ४४ लिहिलंय, म्हणजे आत काय शिरू शकत नाही त्याचा आकडा. त्यातला दुसरा चार म्हणजे शिंतोडे चालतील. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याला शिंतोडे म्हणतात का? आणि पहिला चार म्हणजे मिलिमीटरपेक्षा जाड वस्तू आत जाणार नाही. लाल मुंग्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सेन्सर टिकटिक करायला लागला. डीपी पाडला, टेस्टरने खात्री केली, मागचं झाकण उघडलं. आत मुंग्या, त्यांची पांढरी अंडी तांदळाच्या कणीसारखी, हिरव्या पट्टीवर ओळीने मांडलेली, आणि रिलेच्या (दिवा चालू-बंद करणाऱ्या आतल्या स्विचच्या) चौकोनी डबीखाली मातीचा बारीक ढीग. कोरड्या ब्रशने झाडलं, एक दिवस चुलीच्या उबेला ठेवलं, वायरीच्या भोकाभोवती सिलिकॉन भरलं. चाललं. केबल बॉक्समध्ये खालून घेतली आहे आणि आत शिरायच्या आधी तिला पोट दिलं आहे, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून पोटापाशी गळून पडतं. वरती पावसाची टोपी म्हणून सासूबाईंनी करवंटी सुचवली. दिसायला सुरेख होती, पण मुंग्यांना खोबऱ्याचा वास. आता चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची खापरी बसवली आहे. खाऱ्या हवेने बरोबर आलेले स्क्रू दोन महिन्यांत गंजले, स्टेनलेस स्टीलचे घाला.

डीपीबद्दल मात्र एकही तक्रार नाही. दाबला की भारदस्त टक् वाजतं, साध्या स्विचसारखं टिचकत नाही. त्याचा लाल ठिपका अंधारात दाराशेजारी दिसतो, म्हणून बॅटरी शोधण्याआधी हात तिथे जातो. काच पुसणं, मुंग्या काढणं, झोत उतरवणं, कशालाही घराचा मेन पाडावा लागत नाही. कासवांच्या हंगामात, फेब्रुवारीपासून पिल्लं जाईपर्यंत, रात्री साडेदहानंतर डीपी खाली. सासूबाई तेव्हा जुना कंदील नेतात आणि मला बॅटरी घेऊन मागोमाग जावं लागतं. दोन-अडीच महिन्यांचा प्रश्न आहे, नेते.

पुढच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, आणखी एक सेन्सर लावायचा आहे. या वेळी आयपी ६५ चा बघते, सातशे-आठशेच्या घरात जाईल. नाना गुडघ्यामुळे आता शिडी चढत नाहीत, पण खुर्ची टाकून बसतो म्हणालेत. भिंतीवर जिथे बॉक्स बसणार तिथे त्यांनी आताच पेन्सिलने लिहून ठेवलंय: "तपकिरी = फेज. लाल = दिवा." खाली दोन रेघा.